मोजे घातलेलं घर

४ फेब्रुवारी

ठकू,

आशीर्वाद आधी देऊन टाकते, म्हणजे पुढे रागवायला मी मोकळी. फोन तू उचलत नाहीस. हॉटेलच्या लाँड्रीत केला तर कोणी मुलगी ‘त्या आत्ता इथे नाहीत’ म्हणते, आणि मागे उभी राहून तू तिला हाताने नको-नको करत असतेस हे मला इथून दिसतं. उभा जन्म टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढलाय मी. खोटं बोलणारा आवाज मला पहिल्या शब्दाला कळतो. म्हणून आता कागद. कागदापुढे ‘इथे नाहीत’ चालत नाही.

भिंगरी बरी आहे. खालचा एक दात पडला. तो तिने काडेपेटीत ठेवलाय, तुला दाखवायला. आता ती काडेपेटी कुठे ठेवलीय ते तिला आठवत नाही, म्हणून रोज एकदा सगळं घर उलटंपालटं होतं. तुझीच लेक.

शाळेत बोलावलं होतं. तिच्या वर्गाच्या बाई चांगल्या आहेत, दमलेल्या आहेत. म्हणाल्या, “आजी, तुमची नात हुशार आहे, पण वर्गात नसतेच. एक ओळ लिहिते की मान वळली. बाहेरून शिपाई गेला, मान वळली. शेजारच्या वर्गात खुर्ची सरकली, मान वळली. मध्येच उठून दारापर्यंत जाते आणि परत येते. विचारलं तर म्हणते, बघून आले.”

“काय बघून येते?”

“तेच तर सांगत नाही.”

त्यांनी तिला पहिल्या बाकावर आणलंय, दाराकडे पाठ करून, म्हणजे लक्ष फळ्यावर राहील. तरी काही फरक नाही. लहान मुलांच्या मनाच्या डॉक्टरांना दाखवा म्हणाल्या, लक्ष न लागण्याचा विकार असू शकतो. मी म्हटलं, दाखवू.

परत येताना भिंगरीने विचारलं, “बाईंनी माझी तक्रार केली?”

“केली.”

“मोठी की छोटी?”

“मध्यम.”

“मग ठीक,” म्हणाली आणि उड्या मारत पुढे गेली.

जाताना जिन्यात तू जे बोललीस ते मी विसरलेली नाही. ‘आई, ती माझ्यामुळे अशी झाली. मी त्या घरातून वेळेवर निघाले नाही. आता माझ्यापासून लांब राहिली तरच सुधारेल.’ तेव्हा तुझ्या हातात बॅग होती आणि खाली रिक्षा उभी होती, म्हणून मी काही बोलले नाही. मला ते पटलं होतं असं समजू नकोस.

पण माझ्या परीने मी उपाय सुरू केलाय. त्या घरात पोरीने आरडाओरडा आणि आदळआपट इतकी ऐकली, की आता तिच्या कानांना विश्रांती हवी. तेव्हा मी घर अगदी शांत केलंय. सगळ्या बिजागऱ्यांना तेल घातलं. खुर्च्यांच्या पायांना रबर लावलं. दारावरची घंटा काढून ठेवली. येणाऱ्यांना सांगितलंय, हळूच टकटक करा. मी स्वतः घरात लोकरी मोजे घालून वावरते. आमच्या शाळेतल्या सिस्टर शिकवायच्या, दार असं लावायचं की दारालाही कळू नये. इतक्या वर्षांनी ते शिक्षण उपयोगी पडतंय. खालचे शिंपीकाका परवा वर आले आणि कुजबुजत म्हणाले, “वहिनी, कोणी आजारी आहे का?”

काळजी करू नकोस. आणि उत्तर पाठव.

तुझी आई

२१ फेब्रुवारी

ठकू,

तुझं हॉटेलच्या चित्राचं कार्ड आलं. त्यावर एकच ओळ, ‘तिला माझ्याविषयी काही सांगू नकोस, तिला विसरू दे.’ एवढ्या मोठ्या कार्डावर एवढीच ओळ लिहून उरलेली जागा कोरी पाठवणं हे तुझं लहानपणापासूनचं आहे. निबंधाच्या वहीतही असंच करायचीस. अक्षर मात्र सुधारलंय.

कार्ड मी तिला दाखवलं नाही. पण तिने ते पाहिलं असावं, कारण संध्याकाळी विचारलं, “हॉटेलात चादरी धुतात त्या सगळ्या एकाच माणसाच्या असतात का?” मी नाही म्हटलं. “मग आईला खूप वेळ लागेल,” म्हणाली.

माझा पाय जरा मुरगळलाय. काही विशेष नाही. शिंपीकाका भाजी आणून देतात, त्यांची सून भिंगरीला शाळेत सोडते. पंधरा-वीस दिवसांत प्लास्टर निघेल. म्हणजे बघ, किती थोडक्यात.

भिंगरीचं म्हणशील तर शांततेचा गुण अजून दिसत नाही. उलट जास्तच चळवळी झालीय. चित्र काढता काढता उठते, स्वयंपाकघरात डोकावते, माझ्या खोलीत डोकावते, परत जाऊन बसते, परत उठते. झोपेतही दचकते. परवा मी मागून जाऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला तर किंचाळली, आणि मग मला सॉरी म्हणाली. मला फार वाईट वाटलं. तेल कमी पडतंय की काय म्हणून बिजागऱ्या पुन्हा तपासल्या.

डॉक्टरीणबाईंची वेळ मिळालीय. जाऊन आल्यावर लिहीन.

आई

१४ मार्च

ठकू,

आज लांबलचक लिहिणार आहे. सगळ्या चादरी झाल्यावर, चहा घेऊन, निवांत वाच.

डॉक्टरीणबाई तुझ्याहून लहान असतील. खोलीत ठोकळे, बाहुल्या, वाळूची परात. भिंगरी ठोकळ्यांचा मनोरा रचत बसली. बाहेर लिफ्टचं दार वाजलं की हात थांबायचा, मान वळायची, पुन्हा मनोरा. त्या हे बघत होत्या. मग मला म्हणाल्या, “पायाला काय झालं?”

“घसरले. लोकरी मोजे होते पायात.”

“या दिवसांत? घरात?”

“चालण्याचा आवाज होऊ नये म्हणून.”

लिहिता लिहिता त्यांचं पेन थांबलं. “आवाज होऊ नये म्हणून आणखी काय काय करता?”

मी सगळं सांगितलं. तेल, रबर, घंटा, शिंपीकाकांची कुजबुज. खरं सांगते, शाबासकीच्या अपेक्षेने सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि भिंगरीला विचारलं, “आजी घरात चालते तेव्हा तुला कळतं का, ती कुठे आहे ते?”

“नाही.” ठोकळ्यावर ठोकळा. “आजी एकदम येते. भुतासारखी.”

“मग तू काय करतेस?”

“जोरात ऐकते.”

ठकू, ‘जोरात ऐकते’. मला तिथल्या तिथे कळलं माझं काय चुकलं ते, आणि पुढचं अजून यायचंच होतं.

“आधीच्या घरी पण जोरात ऐकायचीस?”

“हो. तिथे सोपं होतं. बाबांची किल्ली कुलपात नीट गेली तर जेवायला बसायचं. किल्ली घसरली तर पलंगाखाली.”

“आणि काहीच आवाज आला नाही तर?”

भिंगरीने थोडा विचार केला. “सगळं एकदम शांत झालं ना, की आई मला न्हाणीघरात न्यायची आणि नळ सोडायची. मग आम्ही पाण्याची गोष्ट सांगायचो.”

नळाचं मला तू कधी सांगितलं नव्हतंस. मी खिडकीबाहेर बघत बसले. डॉक्टरीणबाईंनी पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवला आणि भिंगरीला म्हणाल्या, “तुझी आई फार हुशार आहे.” भिंगरी म्हणाली, “माहितीये मला.” हे मी मुद्दाम जसंच्या तसं लिहितेय.

मग तिला बाहेर मदतनीस मुलीकडे बसवून त्या माझ्याशी बोलल्या. म्हणाल्या, या मुलीचं लक्ष कमी नाहीये. ते दारावर पहाऱ्याला उभं आहे. तिच्या अनुभवात शांतता म्हणजे पुढे काहीतरी होणार. तुम्ही घर शांत केलंत, तिने पहारा वाढवला. वर्गात दाराकडे पाठ करून बसवलं, म्हणून तिला सारखं वळून बघावं लागतं.

मला आमचं एक्सचेंज आठवलं. बोर्डावर एक लाइन आगीच्या बंबाची असायची. तिचा दिवा लागला की हातातलं सगळं सोडायचं, समोर मंत्री बोलत असला तरी. भिंगरीचा तो दिवा विझतच नाही. अशा बोर्डावर कोणाला बाकीचे फोन जोडता येतील?

आता ज्यासाठी तू बॅग उचललीस ते. मी त्यांना सरळ विचारलं, “हे त्या घरामुळे झालं का? तिच्या आईला तसं वाटतं.”

म्हणाल्या, “ज्या मुलांचं लहानपण असं भीतीत जातं त्यांच्यात लक्ष न लागण्याची तक्रार जास्त दिसते, हे खरं. पण यातलं किती त्या घरातून आलं आणि किती ती जन्मतःच घेऊन आली, हे दुधात मिसळलेल्या पाण्यासारखं आहे, वेगळं करता येत नाही. छातीठोकपणे एकच कारण सांगणारा भेटला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. घराण्यात आणखी कोणी असं होतं?”

मला हसूच आलं. म्हटलं, किती वेळ आहे तुमच्याकडे? तुझे अण्णा पाव आणायला गेले आणि शिडी घेऊन आले ते सांगितलं. पाव कुठाय म्हटल्यावर ‘कुठला पाव?’ असं त्यांनी विचारलं तेही. घड्याळ दुरुस्तीला घेतलं की शेजारी दूध उतू जाऊन भांडं काळं झालं तरी त्यांना वास यायचा नाही. आणि तू एका पायात बूट घालून शाळेतून आली होतीस. दुसरा कुठे गेला ते आजतागायत कोणाला ठाऊक नाही. तुला तर या घरात कोणी बोटही लावलं नव्हतं. अण्णा फक्त म्हणाले, ‘एक तरी आणलास, शाबास.’

डॉक्टरीणबाई पोटभर हसल्या. म्हणाल्या, “म्हणजे लक्षाचा घोळ आहेच, तो घरचा वारसा दिसतोय. आणखी दोन-तीनदा बघून पक्कं सांगेन. पुढे औषध लागलं तर देऊ, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि त्याच्यावर भीतीचा थर चढलाय. तो आधी उतरवू. तो उतरतो.”

तो उतरतो. हे दोन शब्द मी घरी येईपर्यंत गोळीसारखे चघळत होते.

निघताना त्यांनी विचारलं, “आई कुठे असते?” मी म्हटलं, कामाला, लांब. “येते?” म्हटलं, येईल. मग म्हणाल्या, “अशा मुलांना सावरायला कायमचं एक तरी माणूस लागतं. दोन असतील तर फारच छान.” आणि माझ्या काठीकडे बघितलं.

घ्यायचं तेवढं यातून घे.

आई

२ एप्रिल

ठकू,

कार्ड पोचलं. या वेळी तीन ओळी. प्रगती आहे. ‘नळाचं तिला आठवतं?’ असं विचारलंस. आठवतं, पण तू समजतेस तसं नाही. आंघोळीच्या वेळी नळ सोडला की मला म्हणते, “आजी, पाण्याची गोष्ट सांग.” मला येत नाही म्हटलं तर, “आईलाच येते,” असं जरा तोऱ्यात सांगते.

आता घरची मजा ऐक. घंटा परत लावली. खुर्च्यांचं रबर काढलं. मोजे कपाटात गेले आणि मी अण्णांच्या जुन्या लाकडी चपला काढल्या. स्वयंपाकघरातून निघाले की ‘आले गं’ म्हणायचं, परत जाताना ‘चालले गं’. शिवाय काठी ठक ठक. प्लास्टर निघालं तरी काठी ठेवलीय, कारण भिंगरी म्हणाली, “आता तू कळतेस.” मध्ये मी दिवसभर गुणगुणून पाहिलं, तेव्हा मात्र म्हणाली, “आजी, एवढं पण नको.” शिंपीकाका खालून मशीन थांबवून ओरडले, “वहिनी, आजारी माणूस बरं झालं वाटतं?”

वर्गाच्या बाईंना डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी दिली. भिंगरी आता शेवटच्या बाकावर बसते, पाठीला भिंत, समोर दार. मान वळवायची गरजच नाही, नुसता डोळा उचलला की झालं. बाई म्हणाल्या, “अहो, चार ओळी सलग लिहिते.” पाचव्या ओळीवर अजून उठते. परीक्षेचं पुढे बघू, मला घाई नाही.

घरात काहीतरी सतत वाजतं असावं म्हणून अण्णांचं गजराचं घड्याळ माळ्यावरून काढलं. तेच, पितळी. चावी दिली तर चालेना. भिंगरीने विचारलं, “आत काय असतं?” मी अण्णांची छोटी हत्यारं तिच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, बघ तूच. तेव्हापासून जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग तिचा झालाय.

एक गोष्ट सांगायची की नाही याचा विचार करत होते. सांगते. डॉक्टरीणबाईंनी परवा तिला विचारलं की तू कोणाची पावलं ऐकतेस. मला वाटलं, बाबांचीच. त्या माणसाने आता लांब कुठे दुसरं घर मांडलंय हे तिला आपण शंभरदा सांगितलंय, तरी भीती ती भीती. ती म्हणाली, “दोघांची. बाबा आले तर लपायला पाहिजे. आणि आई आली तर लवकर दार उघडायला पाहिजे, नाहीतर तिला वाटेल घरी कोणी नाही, आणि ती परत जाईल.”

घरी येताना रस्त्यात विचारलं, “आईने नवीन चपला घेतल्या असतील का गं? मग मला आवाज ओळखू नाही येणार.”

ठकू, तू लांब राहून तिला विसरायला वेळ देतेयस. ती मात्र पहाऱ्यावर आहे. मला जे म्हणायचं होतं ते एवढंच. बाकी तू माझ्यापेक्षा शहाणी.

आलीस तर एक कर. चोरपावलांनी, सरप्राइज वगैरे, असलं काही नको. आधी कळव, आणि जिन्यात धाडधाड पाय वाजवत ये.

आई

५ मे

ठकू,

काल तुझी बस सुटली आणि तू खिडकीतून विचारलंस, “आई, तिने आधी मान वर का केली नाही?” मी उत्तर देईपर्यंत ड्रायव्हरने हॉर्न दिला. रात्रभर तुला तेच टोचत राहिलं असणार. मी ओळखते तुला.

तुला तेव्हा काय वाटलं तेही मला दिसलं. तू सांगितल्याप्रमाणे आलीस. त्याच जुन्या चपला, जिन्यात धाडधाड. शिंपीकाका तर कात्री हातात घेऊन बाहेर आले. मी दार उघडं ठेवलं होतं. तू दारात उभी राहिलीस आणि ती टेबलाशी पाठमोरी, घड्याळात डोकं घालून. तू हाक मारायला तोंड उघडलंस आणि मिटलंस. मग सरळ स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिलीस. “विसरली मला,” म्हणालीस. मी पाणी दिलं आणि बाहेरच्या खोलीत निघून गेले, तेव्हा तुला वाटलं असेल, आईला काही पडलेलीच नाही.

मी बाहेर का गेले सांगू? मला ते बघायचं होतं.

ती स्प्रिंग चिमट्यात धरून जागेवर बसवत होती. जीभ बाहेर, अण्णांची यायची तशी. खाली कोणीतरी सायकल पाडली. रस्त्यावर कुत्रं भुंकलं. शेजारच्यांचं दार आपटलं. ती हलली नाही. मी काठी मुद्दाम जमिनीवर आपटली, तरी नाही. ठकू, पहाऱ्यावर कोणी नव्हतं. पोरगी वर्षानुवर्षं जिथे उभी होती तिथून उतरून आत आली होती आणि खुर्चीत बसून घड्याळ जुळवत होती. तुझी पावलं तिला ओळखू आली नाहीत असं नाही. ती ऐकतच नव्हती.

बऱ्याच वेळाने स्प्रिंग बसली. तिने मान वर केली, तुझी बॅग पाहिली. “आई आली?”

“कधीची.”

“मला ऐकूच नाही आलं,” म्हणाली. घाबरून नाही. इतक्या नवलाने म्हणाली, की मला हसावं की रडावं कळेना. मग पुढे, “मी दार नाही उघडलं तरी ती आली?”

“आली की.”

“आणि परत नाही गेली?”

“स्वयंपाकघरात आहे.”

त्यानंतर ती आत धावत आली आणि तुला येऊन आदळली, ते तुला माहीतच आहे. माझा ओट्यावरचा डबा पडला तोही त्यातच. काडेपेटी सापडली, दात पाहिलास, नळ सोडून पाण्याची गोष्टही झाली. पण त्याच्या आधीचं तुला मी सांगायलाच हवं होतं. ज्याचा तुला एवढा घाव लागला, त्यासाठी मी आणि डॉक्टरीणबाई इतके दिवस देव पाण्यात घालून बसलो होतो.

त्यांना आज फोन करून सांगितलं. सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, “आजी, माझा दिवस चांगला केलात.” लगेच डॉक्टरकीवर येऊन म्हणाल्या, एकदा झालं म्हणजे रोज होईल असं नाही, पुन्हा दचकेल, पुन्हा उठेल, लक्षाचा घोळ तर राहणारच आहे. राहू दे. अण्णांचाही राहिला होता आणि आमचा संसार झालाच, शिडीसकट.

लाँड्रीतून महिनाअखेरीला सुटका होते म्हणालीस. तुझी खोली झाडून ठेवलीय. बिजागऱ्या अजून कुरकुरत नाहीत, फार तेल प्यायल्या बिचाऱ्या. शिंपीकाकांनी आपल्या दुकानाशेजारी काम बघून ठेवलंय, ते तू आल्यावर बोलू. घड्याळ आता चालतं, फक्त गजर त्याला वाटेल तेव्हा करतं.

तू ये. धाडधाड ये, मला बरं वाटतं. आणि तेव्हाही तिने मान वर केली नाही, तर तशीच दारात थोडी उभी राहा. घाई करू नकोस. मी तुला खुर्ची देईन, आपण दोघी बसून तिच्याकडे बघू.

तुझी आई